ब्लॅकबर्नची धोतरं



बरेच शनिवार काही लिहिलं नाही. रिलीज, मग रिलीजमधून निघालेले बग, मग लेकीची परीक्षा... कारणं नेहमीचीच. आज मात्र चहाचा कप घेऊन सकाळीच मुद्दाम बसलोय. सोमवारी मला ऑफिसात एक एक्सेल शीट भरून द्यायची आहे, आणि ती भरण्याआधी एका गावाबद्दल लिहून मोकळं व्हायचंय. शीटचं काय ते शेवटी सांगतो.

गावाचं नाव ब्लॅकबर्न. इंग्लंडच्या वायव्येला, मँचेस्टरपासून तासाभरावर, लँकेशायरमधलं एक गिरणगाव.

पुण्यातल्या फुटबॉलवेड्यांना हे नाव माहीत असणारच. आपल्या पुण्याच्या वेंकीजनं २०१० साली ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. १९९५ साली प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब २०१२ साली खालच्या डिव्हिजनला गेला, तेव्हा चिडलेल्या प्रेक्षकांपैकी कुणीतरी मैदानात चक्क एक कोंबडी सोडली होती! बीटल्सच्या भक्तांना हे नाव वेगळ्या कारणानं ठाऊक असेल. 'अ डे इन द लाइफ' या गाण्यात ब्लॅकबर्नच्या रस्त्यांवरचे चार हजार खड्डे येतात. ती कवीकल्पना नव्हे, १९६७ च्या जानेवारीत पेपरात तशी बातमीच आली होती. चार हजार म्हणजे आपल्या हिशेबानं किरकोळच म्हणा. :-)

मला हे गाव भेटलं ते मात्र नॉलेज ट्रान्सफरमुळे.

२००६ साली मी मँचेस्टरला ऑनसाइट होतो. आयटीबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, नॉलेज ट्रान्सफर म्हणजे ज्याचं काम तुमच्याकडे येणार असतं, त्याच्याचकडून ते शिकून घ्यायचं. मला शिकवणारा गृहस्थ पंचावन्नच्या आसपासचा होता. वीस वर्षं एकच बिलिंग सिस्टिम सांभाळलेला. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत वही घेऊन बसायचो आणि तो शांतपणे एकेक बॅच जॉब समजावून सांगायचा. मी कशासाठी आलोय हे त्याला माहीत होतं आणि त्याला ते माहीत आहे हे मला. या विषयावर आम्ही तीन आठवडे अवाक्षर काढलं नाही. चौथ्या आठवड्यात त्यानं विचारलं, "शनिवारी काय करतोयस? चल, तुला माझं गाव दाखवतो. तुमच्या लोकांची धोतरं आमच्याकडे विणली जायची."

मला वाटलं चेष्टा करतोय. तर नाही! त्याची आजी खरंच विणकर होती, आणि 'धूटी' हा शब्द त्याला लहानपणापासून माहीत होता.

गाडी मँचेस्टरहून निघाली की बोल्टन लागतं, मग टेकड्या, मग डार्वेन. डार्वेनला खिडकीतून एक अवाढव्य चिमणी दिसते. तीनशे फूट उंच, इटलीतल्या एखाद्या चर्चच्या घंटाघरासारखी नक्षीदार. १८६७ साली बांधून झाली. गिरणीचं नाव काय असेल? इंडिया मिल. आजूबाजूला मेंढ्या, वर ढगाळ आभाळ आणि मध्येच इंडिया मिल... मी बघतच राहिलो.

आता थोडा इतिहास. कंटाळा करू नका, यातच सगळी गंमत आहे.

ब्लॅकबर्न हे जुनं गाव. १०८६ च्या डोम्सडे बुकात त्याची नोंद आहे. सतराव्या शतकात इथले लोक घरोघरी माग टाकून कापड विणत. उभा धागा तागाचा, आडवा कापसाचा. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडाला 'ब्लॅकबर्न चेक' म्हणत आणि छपाईसाठी लंडनला जाणाऱ्या कोऱ्या कापडाला 'ब्लॅकबर्न ग्रे'. निव्वळ सुती कापडात मात्र तेव्हा हिंदुस्थानचा हात धरणारं कुणी नव्हतं. गुजरात, बंगाल आणि कोरोमंडल किनाऱ्याच्या कापडानं लंडनच्या बायकांना असं वेड लावलं होतं, की लोकर आणि रेशीमवाले हवालदिल झाले. मग पार्लमेंटनं १७०० साली हिंदुस्थानच्या छापील कापडाच्या आयातीवर बंदी घातली आणि १७२१ साली छापील सुती कापड वापरण्यावरही जवळजवळ बंदीच आणली. लँकेशायरचं ताग-कापूस मिश्रण मात्र या कायद्यातून सुटलं. म्हणजे पुढे दीडशे वर्षं आपल्याला मुक्त व्यापाराचे धडे देणारा हा धंदा, बाळपणी आपल्याच कापडापासून वाचवून, दुलईत गुंडाळून वाढवला होता.

मजा शब्दांतही आहे. आपण जाडंभरडं कापड म्हणून 'मांजरपाट' म्हणतो, तो शब्द आंध्रच्या किनाऱ्यावरच्या मादापोल्लम या गावावरून आला असं मानतात. तिथलं कापड आधी विलायतेत गेलं, मग त्याची नक्कल विलायतेत विणली जाऊ लागली आणि त्याच नावानं आपल्याकडे विकायला आली. याहून मोठं आउटसोर्सिंग कुठलं?

असो. मुख्य गोष्ट यंत्रांची. विणकराला सूत पुरत नसे. एका मागाला सूत पुरवायला घरातली चार-पाच माणसं कातत बसत. ब्लॅकबर्नजवळच्या स्टॅनहिल वस्तीत जेम्स हारग्रीव्ह्ज नावाचा विणकर होता. त्यानं १७६४ च्या सुमारास एकाच चाकावर अनेक चात्या फिरवणारी 'जेनी' बनवली. कातणाऱ्यांचं पोट त्यावर होतं, तेव्हा १७६८ साली जमावानं त्याच्या घरात घुसून जेन्या फोडल्या. तो बिचारा नॉटिंगहॅमला निघून गेला. पण यंत्र काही गेलं नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आर्कराइट आणि क्रॉम्प्टन यांची यंत्रं आली आणि सुताचा पूर आला.

आता इथे जरा थांबा. सूत स्वस्त झालं म्हटल्यावर कुणाचा भाव वाढला? विणणाऱ्याचा! कताई यंत्रावर गेली होती, विणाई अजून हातानंच व्हायची. बॉटलनेक सरकला. हातमागवाल्यांचे असे काही सुगीचे दिवस आले, की ते नोटा टोपीत खोचून फिरायचे अशा गोष्टी लोक पुढे कित्येक वर्षं सांगत. हा सुवर्णकाळ वीसेक वर्षं टिकला. नंतर शेतमजूर, आयर्लंडहून आलेले लोक, जो तो विणकर झाला आणि मजुरी घसरायला लागली. यंत्रमाग अजून नीट चालायचाही होता, तेव्हाच घसरायला लागली, हे लक्षात ठेवा.

विणकरांना हे दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. किमान मजुरीचा कायदा करा म्हणून ते पार्लमेंटकडे गेले. १८०८ साली पार्लमेंटनं ते विधेयक फेटाळलं. बाजारात ढवळाढवळ कशी करायची, हे कारण! संघटना करायची तर १७९९ पासून तोही गुन्हा. तो कायदा १८२४ साली उठला, पण तोवर मजुरी एका पिढीत निम्म्याच्याही खाली आली होती. १८२६ च्या एप्रिलमध्ये, मंदी आणि उपासमारीच्या वर्षी, पूर्व लँकेशायरचे विणकर हातोडे घेऊन निघाले आणि तीन दिवसांत गावोगावचे हजाराच्या वर यंत्रमाग फोडले. ब्लॅकबर्नमध्येही फोडले. एके ठिकाणी सैन्यानं गोळीबार केला, माणसं मेली. आणि माग? ते पुन्हा बसवले गेले, आधीपेक्षा चांगले.

ते चांगले करणारे लोकही ब्लॅकबर्नचेच. १८४० च्या सुमारास केनवर्दी आणि बुलो या जोडीनं यंत्रमागात ज्या सुधारणा केल्या, त्यातली एक मला फार आवडते. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. बस, एवढंच. आपल्या भाषेत एक्सेप्शन हँडलिंग. आधी विणकराला डोळ्यांत तेल घालून बघत बसावं लागे, कारण धागा तुटला तरी माग चालूच राहायचा आणि कापड वाया जायचं. आता माग स्वतःच सांगणार, 'थांबलोय, बघ.' साहजिकच एका माणसाकडे दोनाचे चार माग आले. हाच तो 'लँकेशायर लूम'. शंभर वर्षं जगात त्याचाच बोलबाला होता.

या सगळ्यातून गाव सुजलं. १८०१ साली साधारण बारा हजार वस्ती होती, १९११ साली एक लाख तेहतीस हजार. आणि हे सगळे जगत होते कशावर? मुख्यतः आपल्यावर. ब्लॅकबर्न पट्ट्याचा माल म्हणजे हिंदुस्थानला जाणारं कोरं कापड आणि धोतरं. १९१३ साली ब्रिटनमधून सुमारे सातशे कोटी यार्ड सुती कापड बाहेर गेलं, त्यातलं तीनशे कोटी यार्ड एकट्या हिंदुस्थानात आलं.

हे गिऱ्हाईक त्यांनी नुसतं कष्टानं मिळवलं नव्हतं. लँकेशायरच्या दबावाखाली १८८२ साली हिंदुस्थान सरकारनं कापडावरची आयात जकात उठवली. सरकारला पैशाची चणचण भासली म्हणून ती १८९४ मध्ये परत लावावी लागली, तर लँकेशायरनं ओरड केली. मग १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात, आणि त्याची भरपाई म्हणून इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी! आपल्याच देशात आपल्याच कापडावर कर. १९०५ साली पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, तिच्यामागे हा सगळा हिशेब होता.

मालही काही सोवळ्यातला नव्हता. ताण्याला खळ लावावी लागते, पण तिकडे खळीत चिनी माती घालून कापडाचं वजन वाढवण्याचं शास्त्रच झालं होतं. पहिल्या धुण्यात माती वाहून जायची आणि हातात उरायची जाळी. पण त्याच मातीची धूळ गिरणीत विणकरांच्या छातीत जायची, हेही खरं. धोट्याच्या भोकातून सूत ओढून घ्यायला ओठ लावून श्वास ओढायचा, अशी पद्धत होती. एकाच धोट्याला सगळ्यांची तोंडं. सुताबरोबर धूळ, तेल, दुसऱ्याचा खोकला, सगळंच आत जायचं. खडखडाटात ऐकू येत नसे म्हणून बायका ओठ वाचून बोलत. माझा ब्लॅकबर्नवाला सांगत होता, त्याची आजी घरीसुद्धा तोंडाचे मोठे मोठे चाळे करूनच बोलायची, स्वयंपाकघरातही गिरणीतल्यासारखी.

त्या शनिवारी त्यानं मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि हा सगळा लेख खरं तर तिच्यासाठी आहे. १८५३ साली ब्लॅकबर्नच्या विणकरांनी मालकांबरोबर बसून एक दरपत्रक ठरवलं. ब्लॅकबर्न लिस्ट. इतक्या पन्ह्याचं, इतक्या धाग्यांचं, इतक्या विणीचं कापड असेल तर इतके पेन्स. सगळं लिहून, छापून. कुठल्याही गिरणीत जा, दर तोच. मुकादमाची मर्जी नाही, 'बघू नंतर' नाही. पुढे १८९२ मध्ये सबंध लँकेशायरला एकच दरपत्रक लागू झालं, तोवर या यादीचा दबदबा होता.

ती कशी मिळाली? १८५३ हे तेजीचं साल. मागावर माणूस हवा होता. १८२६ च्या हातोड्यांनी जे मिळालं नाही, ते सत्तावीस वर्षांनी कागद-पेननं मिळालं. हे लोक काही आधीच्यांपेक्षा जास्त शहाणे नव्हते. फरक एवढाच, की यांनी गरज असताना मागितलं.

यादी म्हणजे रामबाण होता असं नाही हं. १८६१ ते ६५ अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस बंद झाला, तेव्हा गाव उपाशी राहिलं. बदली कापूस आपल्याकडून गेला. मुंबईत त्या पैशानं शेअरबाजाराला ज्वर चढला आणि १८६५ साली तो फुटला, ते तर सर्वांना माहीत आहे. लँकेशायरमध्ये मात्र त्या आखूड धाग्याच्या 'सुरती' कापसाला शिव्या पडत. सारखा तुटायचा ना! एका प्रार्थनासभेत कुणी म्हणालं, देवा कापूस पाठव. तर मागून आवाज आला, पण सुरती नको, अशी गोष्ट सांगतात. १८७८ साली मालकांनी मजुरी दहा टक्के कापली तेव्हा संप झाला, दंगल झाली आणि मालकसंघाच्या अध्यक्षाचं घर जाळलं गेलं. म्हणजे यादी असूनही भांडावं लागलंच. पण भांडायला पायाखाली काहीतरी होतं.

मग ते पडलं कशानं?

आपल्याकडे दोन सोपी उत्तरं आहेत. पहिलं, 'बरं झालं, जशास तसं.' आपल्या विणकरांचं पोट मारलं, मग त्यांचंही गेलं. दुसरं, जे दर सोमवारी लिंक्डइनवर वाचायला मिळतं: 'काळाबरोबर बदलले नाहीत म्हणून संपले.' मला दोन्ही पटत नाहीत.

दुसरं आधी घेऊ. ब्लॅकबर्न बदललं नाही? अहो, दोनशे वर्षं ते गाव दुसरं काय करत होतं? जेनी तिथे, लँकेशायर लूम तिथे. इतकंच काय, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्थ्रॉप नावाचा स्वयंचलित माग बनवायचा कारखानाही ब्लॅकबर्नमध्येच निघाला. कांडी संपली की माग स्वतःच नवी कांडी भरून घ्यायचा. तो माग गावात बनायचा आणि मोठ्या प्रमाणावर परदेशी विकला जायचा. गावातल्या मालकांनी मात्र तो फारसा घेतला नाही. जुने माग फेडून झालेले, धंदा जोरात, नवीन भांडवल कशाला गुंतवा? विणकर शिकायला तयार होते की नाही हा प्रश्नच आला नाही, कारण त्यांना कुणी विचारलंच नाही. 'स्वतःला अपग्रेड करा' हा सल्ला नेहमी ज्याच्या हातात काही नसतं त्यालाच दिला जातो, हे माझं निरीक्षण.

खरं दुखणं वेगळं होतं. सगळं गाव एका मालावर आणि एका गिऱ्हाइकावर. पहिल्या महायुद्धात जहाजं थांबली तेव्हा मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या आणि जपान यांनी ती जागा भरली. १९१७ मध्ये हिंदुस्थानातली जकात साडेसात टक्के झाली, १९२६ मध्ये अबकारी गेली, १९३१ अखेर जकात पंचवीस टक्क्यांवर पोचली. १९३० साली गांधीजींचा बहिष्कार जोरात सुरू झाला. त्याच वर्षी १२ डिसेंबरला मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू चिरडला गेला. तोही गिरणी कामगारच. कापडाच्या एका टोकाला बाबू गेनू आणि दुसऱ्या टोकाला ब्लॅकबर्नची विणकर बाई, जिचे जवळजवळ निम्मे सोबती तोवर बेकार झाले होते. वर मालकांचा आग्रह, की चार नको, आता एकेकीनं आठ माग चालवा. त्यावरून १९३१ च्या सुरुवातीला टाळेबंदीही झाली.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी डार्वेनला गेले. हो, त्याच इंडिया मिलच्या डार्वेनला. लोक म्हणत होते दगड पडतील. तिथल्या गिरणीच्या दारातला फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. मध्ये पंचा नेसलेले गांधीजी, भोवती हात उंचावून आनंदानं ओरडणाऱ्या गिरणीतल्या बाया. त्यांनी त्या लोकांना खोटं आश्वासन दिलं नाही. तुमचं दुःख मला दिसतंय, पण आमच्या कोट्यवधी उपाशी लोकांपुढे ते लहान आहे, आणि जुना व्यापार परत येणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. तरी बायांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या ब्लॅकबर्नवाल्याची आजी त्या फोटोत नाही, पण ती म्हणायची, "त्या माणसानं निदान तोंडावर सांगितलं. आमच्या मालकांनी तेवढंही केलं नाही."

म्हणून 'जशास तसं' मला पटत नाही. आपल्या विणकरांचं पोट मारणारे कायदे त्या आजीनं केले नव्हते. ज्यांनी केले, ज्यांनी चांगल्या वर्षांचा नफा खिशात घातला, ते मागाचं भंगार विकून समुद्रकाठी राहायला गेले. बिल आलं ते माग चालवणारीच्या नावावर. आपल्या बाजूलाही तसंच, बाबू गेनूच्या नावावर. आपली बाजू न्यायाची होती याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण न्याय झाला म्हणून बिल बरोबर माणसाकडे जातं, असं नाही.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण स्थानिक पोरं तिकडे फिरकेनात. बायकांना रात्रपाळीला कायद्यानं मनाई. मग रात्रपाळीसाठी माणसं आली ती पाकिस्तानातून आणि भरूच-सुरतकडून. ज्या सुरतेच्या कापसाला शिव्या घातल्या, त्याच सुरतेची माणसं! १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटन निर्यातीपेक्षा जास्त सुती कापड आयात करायला लागला. १९५९ साली सरकारनं कायदा करून मालकांना माग-चात्या मोडीत काढायला पैसे दिले. स्टेशनजवळच्या दुकानात मला एक चाचा भेटले. माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीवर खूश होऊन त्यांनी पैसे न घेता चहा पाजला. म्हणाले, "आलो तेव्हा सगळीकडे चिमण्याच चिमण्या. दहा वर्षं रात्रपाळी केली, मग एक दिवस गेटला कुलूप." आज त्या भागात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक आशियाई वंशाचे आहेत. गिरण्या गेल्या, त्यांच्यासाठी आलेली माणसं राहिली.

संध्याकाळच्या गाडीत शेवटी मी विषय काढलाच. म्हटलं, "तुझं पुढे काय?" तो हसला. म्हणाला, "मला वर्षभर आधी नोटीस मिळाली आहे. आणि नोकरीच्या दर वर्षामागे ठरलेली रक्कम मिळणार आहे. घराचं कर्ज फिटेल." कंपनी बरी दिसते, असं मी म्हणालो. तर तो म्हणाला, "कंपनी नाही. माझ्या युनियननं ऐंशीच्या दशकात ते लिहून घेतलंय. तेव्हा सिस्टिम नवीन होती आणि आमच्याशिवाय ती कुणाला चालवता येत नव्हती."

मला त्या वेळी हे फारसं समजलं नाही. मी सत्तावीस वर्षांचा होतो, आणि माझ्या बाजूनं वारा वाहत होता.

आता वारा फिरलाय. आमच्याकडे कोड लिहून देणारी एआय टूल्स वर्षभरापासून आहेत. कोड स्वस्त झालाय आणि तो तपासणारा, 'हे चालणार नाही' म्हणू शकणारा सीनियर माणूस एकदम मोलाचा झालाय. टीममधले पंधरा वर्षांचे अनुभवी लोक खुशीत आहेत. मला ते टोपीत नोटा खोचलेल्या हातमागवाल्यांसारखे दिसतात. सूत यंत्रावर गेलंय, विणाई अजून हातावर आहे. किती वर्षं? मला माहीत नाही. त्यांचे वीस झाले, आपले तेवढे होतील असं वाटत नाही.

सोमवारची शीट याचीच आहे. चौदा जणांची टीम. टूल्समुळे प्रत्येकाचे आठवड्याला किती तास वाचतात ते भरायचं, आणि शेवटच्या कॉलममध्ये 'किती जणांत भागेल' ते. शीट साधी आहे, अर्ध्या तासाचं काम. चौदापैकी चौघांची घरं हिंजवडी-वाकडला, वीस-वीस वर्षांच्या हप्त्यांवर.

मी टूल्सच्या विरोधात नाही, रोज वापरतो. हातोडा घेऊन निघणारे जिंकत नाहीत, हे १७६८ लाही दिसलं आणि १८२६ लाही. पण 'शिकत राहा, काही होत नाही' हेही मी टीमला सांगणार नाही, कारण ते खोटं आहे. माझं म्हणणं एवढंच, की गरज असते तेव्हाच अटी लिहून घ्यायच्या असतात, आणि ती वेळ आत्ता आहे. वाचलेल्या तासांतला काही हिस्सा कमी कामाच्या किंवा जास्त पगाराच्या रूपानं माणसाला मिळावा. काढायचंच असेल तर किती आधी सांगणार आणि किती देणार, हे ऑफर लेटरमधल्या एक-दोन महिन्यांच्या ओळीपलीकडे कुठेतरी कागदावर असावं. आपण आयटीवाले स्वतःला कामगार म्हणवून घेत नाही, युनियन म्हटलं की नाक मुरडतो. पण ब्लॅकबर्न लिस्ट करणाऱ्यांनी तरी क्रांती कुठे केली होती? दरपत्रकच केलं होतं. आमच्या क्लायंटबरोबरच्या करारात प्रत्येक तासाचा दर छापलेला असतो, त्याला कुणी क्रांती म्हणत नाही!

कागदानं सगळं वाचत नाही, हे मान्य. एकच गिऱ्हाईक गेलं तर यादी काय करणार? १९३१ साली तेच झालं, आणि परदेशी क्लायंटवर उभ्या असलेल्या आपल्या शहरानं त्याचाही विचार करायला हवा. पण तो माणूस घराचं कर्ज फेडून बाहेर पडला, आणि त्याची आजी हात हलवत बाहेर पडली. फरक फक्त एका कलमाचा.

तर मी ठरवलंय. शीट भरणार, तासांचे आकडे खरे लिहिणार. शेवटचा कॉलम रिकामा ठेवून त्याच्या जागी दोन नवे कॉलम टाकणार. पहिला, 'वाचलेल्या तासांतलं टीमला काय', आणि दुसरा, 'नोटीस किती महिने'. मॅनेजर काय म्हणेल ते दिसतंच आहे. कदाचित शीट माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाकडे जाईल. त्या आधी रविवारी संध्याकाळी चौदाही जणांना घरी चहाला बोलावलंय आणि ही शीट त्यांना दाखवणार आहे. बायको म्हणते, चहा ठीक आहे, पण शीट दाखवायची परवानगी घेतलीस का?

नाही घेतली.

तुमच्याकडे काय चाललंय ते जरूर कळवा.